हौशी घरफोड्या

घरफोडीत आवाज होऊन चालत नाही. जिन्याची कुठली पायरी करकरते ते आधीच हेरून ठेवावं लागतं, बिजागऱ्यांना तेल घालावं लागतं, कुत्र्याशी संध्याकाळीच ओळख वाढवावी लागते. म्हणूनच सिनेमाला वाचा फुटण्याआधीचा काळ हा पडद्यावरच्या चोरांची खरी सुगी होती, असं माझं मत बनत चाललं आहे. नंतरच्या दिग्दर्शकांना चोरीच्या प्रसंगात शांतता मुद्दाम आणावी लागली. ज्यूल्स दासँनं १९५५च्या ‘रिफिफी’त जवाहिऱ्याचं दुकान फोडण्याचा जवळजवळ अर्धा तास संवाद आणि संगीत या दोन्हींशिवाय काढला आणि जग अचंबित झालं. मूकपटवाल्यांना ही शांतता फुकट मिळत होती.

‘रॅफल्स, द अमॅच्युअर क्रॅक्समन’ हा १९१७चा अमेरिकन मूकपट मी पहिल्यांदा पाहिला तो पावसाळ्यातल्या एका रात्री, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून जोडलेलं संगीत बंद करून. चोरासारखाच पाहिला म्हणा ना. पुढे एकदा संगीतासह पाहिला, तेव्हा तो निम्म्यानं उतरला. पियानो दर मिनिटाला सांगत होता, आता घाबरा, आता हसा. त्या पहिल्या रात्री मात्र खिडकीबाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं आणि पडद्यावर जॉन बॅरीमोर संध्याकाळच्या पोशाखात, एकही घडी न मोडू देता, दुसऱ्याच्या दागिन्यांकडे बघत होता.

सिनेमाची सुरुवात आगबोटीवर होते. रॅफल्स एका दुर्मीळ गुलाबी मोत्यावर हात मारतो, पकडला जाण्याची वेळ येते तेव्हा सरळ समुद्रात उडी घेतो आणि पोहत निसटतो. हिरा नाही, माणिक नाही, मोती. आजच्या प्रेक्षकाला हे जरा किरकोळ वाटेल. मोत्याची माळ आता रस्त्यावरसुद्धा मिळते. पण १९१७ सालची गोष्ट वेगळी होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पिएर कार्तिएनं मॉर्टन प्लांट या धनाढ्य गृहस्थाचा फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा आख्खा वाडा विकत घेतला, तो मोत्यांच्या एका दोनपदरी माळेच्या बदल्यात. माळेची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. प्लांटच्या बायकोला माळ आवडली आणि कार्तिएला जागा. तो वाडा आजही कार्तिएचा आहे. माळ मात्र १९५७ साली लिलावात निघाली तेव्हा सुमारे दीड लाख डॉलरला गेली, कारण मधल्या काळात जपानच्या मिकिमोतोच्या शिंपल्यात पिकवलेल्या मोत्यांनी नैसर्गिक मोत्यांचा बाजार झोपवला होता. या झोपण्याची झळ आपल्याकडेही पोचली. इराणच्या आखातातला मोती मुंबईत यायचा. इथे त्याची वर्गवारी व्हायची, भोकं पाडली जायची आणि मग तो पॅरिस-लंडनकडे निघायचा. आजीच्या नथीतल्या बसरा मोत्याबद्दल घरोघर जो हळवा अभिमान असतो, तो त्या बाजाराचाच उरलेला अंश. तेव्हा रॅफल्सनं मोती चोरला म्हणजे मुठीत मावेल एवढा वाडाच चोरला, असं समजायचं.

या रॅफल्सचा जन्म सिनेमाच्या एकोणीस वर्षं आधीचा. ई. डब्ल्यू. हॉर्नंग या इंग्रज लेखकानं १८९८ साली ‘कॅसल्स मॅगझिन’मध्ये त्याची पहिली कथा लिहिली, आणि १८९९मध्ये ‘द अमॅच्युअर क्रॅक्समन’ हा संग्रह आला. संग्रह अर्पण केला होता आर्थर कॉनन डॉइलला. डॉइल हा हॉर्नंगचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ. डॉइलनं १८९३ साली शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात ढकलून मोकळा श्वास घेतला होता, आणि त्या रिकाम्या जागेत घरच्याच माणसानं आपला माणूस उभा केला. सगळा आराखडा होम्सचा, पण आरशातला. लंडनमधली ब्रह्मचाऱ्याची खोली, अलौकिक बुद्धीचा नायक, गोष्ट सांगणारा भाबडा मित्र. फक्त वॉटसनच्या जागी बनी मँडर्स, आणि गुन्हा शोधण्याच्या जागी गुन्हा करणं. होम्ससारखाच रॅफल्सही एकदा पाण्यात गडप होतो, वाचक त्याला मेलेला समजतात. गंमत म्हणजे रॅफल्स १९०१मध्ये परत आला आणि होम्स १९०३मध्ये. जिवंत होण्याच्या शर्यतीत चोर पुढे गेला. डॉइलला मेहुण्याचं लिखाण आवडायचं, पण गुन्हेगाराला नायक करणं त्याला पटलं नव्हतं, आणि उतारवयात आत्मचरित्रात त्यानं ते लिहूनही ठेवलं. बायकोच्या भावाची नापसंती किती टिकाऊ असते हे वेगळं सांगायला नको.

पण मला सगळ्यात जास्त अडवून धरतो तो शीर्षकातला ‘अमॅच्युअर’ हा शब्द. मराठीत त्याला फार नेमका शब्द आहे: हौशी. आपल्याकडे हौशी रंगभूमी असते आणि व्यावसायिक असते, आणि हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मात्र हौसेला फार मोठं मोल होतं, कारण हौशी असणं ही जात होती. क्रिकेटमध्ये तर ती स्कोअरकार्डावर छापली जायची. हौशी खेळाडू म्हणजे ‘जंटलमन’, पैसे घेऊन खेळणारा तो नुसता ‘प्लेअर’. जंटलमनची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, प्लेअरची आडनावानंतर. लॉर्ड्सवर एकदा लाउडस्पीकरवरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली होती, की कार्डावर एफ. जे. टिटमस छापलं आहे ते कृपया टिटमस, एफ. जे. असं वाचावं. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायचे दरवाजेही वेगळे. जंटलमन विरुद्ध प्लेअर्स असा सामना १८०६पासून १९६२पर्यंत चालला. आता आपल्या चोराचं नाव वाचा: ए. जे. रॅफल्स. आद्याक्षरं आधी. तो इंग्लंडकडून खेळणारा हौशी फिरकी गोलंदाज आहे.

यातली मेख अशी की हौस ही पुष्कळदा बतावणीच असायची. डब्ल्यू. जी. ग्रेस आयुष्यभर हौशी म्हणून खेळला, आणि १८९१-९२च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याला तीन हजार पौंड मिळाले. कुठल्याही व्यावसायिकाच्या स्वप्नात येणार नाही अशी ती रक्कम. त्याच दशकात आपल्या पुण्यात पाळवणकर बाळू महिना चार रुपयांवर युरोपियनांच्या क्लबात रोलर फिरवत होता, नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकत होता आणि फलंदाजीला मात्र क्वचितच उभा राहू शकत होता. पुढे १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. त्याला हौशी म्हणवून घेण्याची चैन परवडणारी नव्हती. साहेब खेळतो ती हौस, बाळू खेळतो ती चाकरी. रॅफल्स याच फटीत राहतो. पिकॅडिलीतल्या ‘ऑल्बनी’ या प्रतिष्ठित इमारतीत खोल्या, उत्तम सिगारेटी, उत्तम शिंपी, आणि उत्पन्न शून्य. बड्या घरांची आमंत्रणं त्याला येतात ती त्याच्या फिरकीमुळे. त्याला हे कळतं आणि डाचतं. एका कथेत एका लॉर्डच्या वाड्यावर त्याला सामन्यासाठी बोलावलं जातं, तेव्हा आपल्याला पाहुणा म्हणून नव्हे तर गोलंदाज म्हणून आणलं आहे, म्हणजे आपणही प्लेअरच ठरलो, या रागानं तो तिथल्या एका पाहुणीचा कंठा उचलायचं ठरवतो. मला हॉर्नंग मोठा लेखक वाटत नाही, पण हा राग त्यानं अचूक पकडला आहे. चोरीमागे भूक नाही, अपमान आहे.

१९१७चा सिनेमा उभा आहे तो याच कथेवर, पण थेट नाही. मध्ये एक नाटक आहे. हॉर्नंग आणि युजीन प्रेस्ब्री यांनी लिहिलेलं हे नाटक १९०३मध्ये न्यूयॉर्कला आलं आणि कर्ल बेल्यूनं ते गाजवलं. लंडनमध्ये १९०६ साली जेराल्ड द्यू मॉरिएनं रॅफल्स रंगवला. सिनेमाच्या पटकथेत नाटकाची लाकडी चौकट दर दोन दृश्यांमागे दिसते. दिवाणखाना, लोक आत येतात, लोक बाहेर जातात, मग पाटी, मग पुन्हा दिवाणखाना. जॉर्ज अर्व्हिंगच्या दिग्दर्शनात आगबोटीवरची सुरुवात जेवढी चपळ आहे तेवढाच मधला भाग बसकण मारतो. सात रिळांपैकी दोन तरी मी आनंदानं कापली असती.

कथा थोडक्यात अशी. लॉर्ड अ‍ॅमर्स्टेथच्या वाड्यावर पाहुण्यांचा मेळा जमला आहे. लेडी मेलरोज या बाईंचा कंठा सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. कर्जात बुडालेला बनी रॅफल्सच्या आधाराला आला आहे. कॅप्टन बेडफर्ड हा गुप्तहेरही तिथे आहे, आणि तोही हौशीच. आता पाहा, हौशी चोर, हौशी पोलीस, आणि या दोन जंटलमनांच्या खेळात घुसतो क्रॉशे नावाचा खराखुरा, पोटासाठी चोरी करणारा लंडनचा घरफोड्या. क्रॉशे कंठा लांबवतो आणि रॅफल्स क्रॉशेकडून तो काढून घेतो. चोरावर मोर ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच चित्रित झाली असेल. पुढे क्रॉशे हिशेब चुकता करायला रॅफल्सच्या खोलीवर येतो, पोलीस खाली उभे असतात, आणि रॅफल्स आपल्या या धंदेवाईक सहव्यावसायिकाला पळून जायला मदत करतो. सिनेमात खरी ऊब आहे ती या प्रसंगात. बाकी प्रेमप्रकरण वगैरे आहे ते असायलाच हवं म्हणून आहे.

क्रॉशेची भूमिका कुणी केली ते कळल्यावर मी खुर्चीत उठून बसलो. माइक डॉन्लिन. हा नट मुळात न्यूयॉर्क जायंट्सचा बेसबॉलपटू, त्याच्या पिढीतला एक अव्वल फलंदाज. चालण्यातल्या तोऱ्यामुळे लोक त्याला ‘टर्की माइक’ म्हणायचे. नटीशी लग्न केलं, ऐन भरात खेळ सोडून व्होडव्हिलच्या रंगमंचावर गेला, परत आला, पुन्हा गेला. म्हणजे इंग्लंडच्या हौशी क्रिकेटपटूची ही गोष्ट अमेरिकेत पोचली तेव्हा जंटलमनचं काम नटानं केलं आणि ‘प्लेअर’च्या वाट्याला खरोखरीचा व्यावसायिक खेळाडू आला. कुणी मुद्दाम ठरवून केलं असेल असं वाटत नाही. डॉन्लिन आणि बॅरीमोर एकमेकांचे दोस्त होते, एवढं कारण पुरेसं असावं.

पण मूळ कथेतला क्रिकेटचा डंख मात्र पडद्यावर येताना बोथट झाला. अमेरिकन प्रेक्षकाला जंटलमन आणि प्लेअर यांतला फरक काय सांगणार? तिथे रॅफल्स हा नुसता देखणा, श्रीमंत दिसणारा, धाडसाची झिंग असलेला माणूस उरतो. आपल्याला का बोलावलं गेलं हा प्रश्न त्याला पडतच नाही. सिनेमा एखाद्या मोठ्या कंपनीच्या साखळीतून नव्हे, तर राज्यनिहाय हक्क विकून प्रदर्शित झाला. आपल्याकडच्या सर्किटवाल्या वितरकांना ही पद्धत लगेच समजेल. ज्या गावात तो जाईल तिथल्या माणसाला तिकीट फाडल्याबरोबर कळेल असा चोर हवा होता. तसा चोर द्यायचा तर अपमानापेक्षा चेहरा जास्त कामाचा, आणि चेहरा जॉन बॅरीमोरकडे होता.

बॅरीमोर तेव्हा पस्तिशीत होता. त्याच वर्षी त्यानं न्यूयॉर्कमध्ये भाऊ लायोनेलबरोबर ‘पीटर इबेट्सन’ हे नाटक गाजवलं होतं. हॅम्लेट अजून पाच वर्षं दूर होता. त्याच्या डाव्या बाजूच्या चेहऱ्याची पुढे एवढी ख्याती झाली की लोक त्याला ‘द ग्रेट प्रोफाइल’ म्हणू लागले. ही बाजू या सिनेमातही कॅमेऱ्याला वारंवार भेटते, आणि बॅरीमोरला तिची किंमत पुरती ठाऊक आहे हे लपत नाही. तरी मला त्याच्यातलं आवडतं ते वेगळंच. मूकपटातले बहुतेक खलपुरुष भुवयांनी काम करतात. बॅरीमोर इथे बऱ्याचदा काहीच करत नाही. सगळे गोंधळात असताना तो स्वस्थ उभा राहतो, किंचित कंटाळल्यासारखा. ज्याला काही लपवायचं आहे तो धडपडतो, आणि ज्याला सगळंच लपवायचं आहे त्याला धडपडण्याची मुभा नसते, हे त्याला कळलेलं आहे. त्याच १९१७ साली आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता या दोन्ही भूमिका करत होते, लुगडं आणि मुकुट यांच्या अदलाबदलीनं. रॅफल्सला चोर आणि साव या दोन भूमिकांसाठी कोटसुद्धा बदलावा लागत नाही.

आता या नटाच्या आडनावाकडे येऊ. ते खरं नव्हे. जॉनचे वडील मॉरिस यांचं मूळ नाव हर्बर्ट ब्लाइद, जन्म १८४९चा, आपल्या आग्र्याच्या किल्ल्यातला. आजोबा ईस्ट इंडिया कंपनीत सर्व्हेअर होते. पोराला शिकायला इंग्लंडला धाडलं, त्यानं मुष्टियुद्धात हौशी गटाचं अजिंक्यपद मिळवलं, आणि मग घराण्याला काळिमा वाटेल असा उद्योग केला: नट झाला. घरच्यांची अब्रू राखायला त्यानं नाटकाच्या एका जुन्या जाहिरातीवरचं ‘बॅरीमोर’ हे नाव उचललं. अमेरिकन रंगभूमीचं राजघराणं म्हणून जे ओळखलं जातं, त्याचं नाव असं भिंतीवरून उचललेलं आहे. जंटलमन चोराच्या भूमिकेसाठी याहून लायक वंशवेल शोधून सापडला नसता.

बनीचं काम करणारा फ्रँक मॉर्गन तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तोच १९३९ साली ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधला जादूगार झाला, पडद्यामागे उभा राहून मोठ्या आवाजात बाता मारणारा. नायिका एव्हलिन ब्रेंट पुढे स्टर्नबर्गच्या ‘अंडरवर्ल्ड’मध्ये गुंडांच्या जगात शोभली. इथे तिला फारसं काम नाही.

असा चोर लोकांना का चालतो, यावर जॉर्ज ऑर्वेलनं १९४४ साली एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की रॅफल्सला नीती नाही, धर्म नाही, आहेत ते फक्त काही गोष्टी न करण्याचे संकेत, आणि तेच त्याला बांधून ठेवतात. पाहुणा म्हणून गेल्यावर सहपाहुण्याला लुटणं चालतं, यजमानाला नाही. लेडी मेलरोज या वाड्यावरच्या पाहुण्या होत्या हे इथे आठवावं. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला हा गृहस्थ ब्रिटिश म्युझियममधून सोन्याचा प्याला चोरतो आणि राणीलाच भेट पाठवतो. शेवटी बोअर युद्धात देशासाठी लढता लढता मरतो.

मराठी वाचकाला इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, कारण आपला चोर असा नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, गिनीज बुकात नाव गेलं, आणि त्यांच्या काळा पहाड नि झुंजारसाठी वाचनालयांत रांगा लागायच्या. पण काळा पहाड कायदा मोडतो तो दुष्ट धनिकांची खोड मोडण्यासाठी. आपल्याकडे चोराला नायक व्हायचं तर आधी दानशूर व्हावं लागतं. रॅफल्स गरिबाला एक पेनीही देत नाही, आणि त्याबद्दल त्याला यत्किंचितही संकोच नाही. मला तो त्यामुळेच अधिक प्रामाणिक वाटतो, हे कबूल करतो. सिनेमाला मात्र ही निर्लज्ज मोकळीक फार काळ पेलली नाही. १९२५मध्ये हाउस पीटर्सला घेऊन आणखी एक मूक रॅफल्स झाला. १९३०मध्ये रोनाल्ड कोलमनचा आला तेव्हा चित्रपट बोलू लागले होते, आणि बोलू लागल्यावर चोराला सबब सांगावी लागली. हा रॅफल्स प्रेमात पडून चोरी सोडायला निघालेला, आणि शेवटची चोरी करतो ती मित्राचं कर्ज फेडण्यासाठी. म्हणजे काळा पहाडच झाला की!

मूक रॅफल्स डिसेंबर १९१७मध्ये अमेरिकेत झळकला तेव्हा त्याच्या जन्मदात्याचं तिकडे लक्ष असण्याची शक्यता कमी. हॉर्नंगचा एकुलता मुलगा ऑस्कर जुलै १९१५मध्ये ईप्रच्या आघाडीवर मारला गेला होता, वयाच्या विसाव्या वर्षी. त्यानंतर बाप वाय.एम.सी.ए.च्या कामात शिरला आणि फ्रान्सला गेला. अरास गावात सैनिकांना चहा द्यायचा आणि छोटंसं ग्रंथालय चालवायचं हे त्याचं काम. मार्च १९१८च्या जर्मन चढाईत तिथून निघावं लागलं. १९२१मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तो वारला. खंदकातून आलेल्या पोरांना पुस्तकं देताना त्यातल्या कितीजणांनी रॅफल्स मागितला असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

सिनेमाच्या शेवटी रॅफल्सला त्याच्याच खोलीत घेरलेलं असतं. तिथे एक उंच, माणूसभर घड्याळ आहे. तो त्यात शिरतो आणि मागच्या चोरवाटेनं नाहीसा होतो. रंगभूमीवरून जशीच्या तशी उचललेली ही युक्ती आहे, आणि तरी ती चालते.

बॅरीमोर मात्र या घड्याळातून पुन्हा पुन्हा बाहेर येत राहिला. १९२२मध्ये तो चक्क शेरलॉक होम्स झाला, म्हणजे मेहुण्या-मेहुण्यांचं भांडण त्यानं एकट्यानं मिटवलं. १९३२मध्ये फ्रेंचांचा जंटलमन चोर आर्सेन ल्युपँ केला, आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर होता सख्खा भाऊ लायोनेल. त्याच वर्षी ‘ग्रँड हॉटेल’ आला. त्यात बॅरीमोर बर्लिनच्या हॉटेलात उतरलेला एक कफल्लक सरदार आहे. गॅलऱ्यांवरून चढून तो एका नर्तकीच्या खोलीत शिरतो आणि तिचे मोती चोरतो. पुन्हा मोतीच. नर्तकी म्हणजे ग्रेटा गार्बो. तो प्रेमात पडतो, मोती परत करतो. पण देणी आहेत, गाडीभाड्यालाही पैसे नाहीत. हौस संपली आहे, आता गरज आहे. मग तो एका उद्योगपतीचं पाकीट मारायला जातो, सापडतो, आणि तो उद्योगपती त्याच्या डोक्यात हाताला लागेल ती वस्तू घालतो. ती वस्तू म्हणजे टेलिफोन.